ताशी दोन मैलांचा ड्रायव्हर

हॉलिस नोरेगा यांना आमच्या बँडमध्ये सगळे 'मोरोकॉय' म्हणायचे. त्रिनिदादच्या रानात सापडणाऱ्या कासवाचं हे नाव. आमच्याकडे ज्याला उठायला, बसायला, बोलायला वेळ लागतो अशा कुठल्याही माणसाला ते चिकटतं. अंकल हॉलिसना ते तोंडावर म्हटलेलं चालायचं. तेही उत्तर द्यायचे, पण इतकं सावकाश की तोवर चिडवणारा निघून गेलेला असायचा.

मी त्यांच्या डोक्यावर राहून मोठी झाले. म्हणजे खरोखरच. लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या मागच्या गल्लीत एका उंच, अरुंद घरात तळमजल्यावर नोरेगा नवराबायको राहायचे आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत आई, मी आणि माझी धाकटी बहीण. आम्ही १९७० साली त्रिनिदादहून आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. अंकल हॉलिस त्याआधी दहा वर्षं आलेले. तिकडे पॉइंट फोर्टिनच्या तेलाच्या विहिरींवर ते पाइप वाहून नेणारी अवजड लॉरी चालवायचे, पण लंडनच्या बस कंपनीने त्यांना चार वर्षं कंडक्टर म्हणूनच ठेवलं. ते तिकिटं फाडत राहिले. पाचव्या वर्षी स्टिअरिंग हातात मिळालं.

त्यांच्या बसमध्ये बसलं की गाडी सुटली हे कळायचंच नाही. खिडकीबाहेरची दुकानं मागे सरकायला लागली की समजायचं. बस सुरू करण्याआधी ते खाली उतरून पूर्ण एक फेरी मारायचे, चारही चाकांपाशी वाकून खाली बघायचे आणि मगच वर चढायचे. बसचे कंडक्टर वैतागायचे. आई एकदा म्हणाली, "हॉलिस, बसखाली तुझं काही हरवलंय का?" अंकलनी विचार केला आणि म्हणाले, "नाही. हरवू नये म्हणून बघतो."

आमचा बँड होता हार्बर व्ह्यू. तेलाच्या पिंपांना ठोकून, तापवून, सुरात आणून घडवलेली आमची वाद्यं. त्यांना आम्ही पॅन म्हणतो. चौदाव्या वर्षी मी पॅन वाजवायला लागले. ऑगस्टअखेरच्या कार्निव्हलला, म्हणजे आमच्या दोन दिवसांच्या नाचगाण्याच्या मिरवणुकीला, सुरुवातीला आम्ही वाद्यं चाकांच्या सांगाड्यावर ठेवून हाताने ढकलत रस्त्यावर न्यायचो. बँड वाढला तशी आमचा कॅप्टन मॅन्सेल याने सपाट पाठीची एक लॉरी भाड्याने आणली. वर लोखंडी छत, त्याखाली पॅन आणि आम्ही वाजवणारे. मागेपुढे सोंगं घेतलेली माणसं नाचत चाललेली. लॉरीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला होता. त्याने पहिल्याच दिवशी दुपारी असा ब्रेक मारला की मोठं पिंप वाजवणारा फर्डी तोंडावर आपटला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले.

"आजपासून मी जमिनीवर," फर्डीने तोंडाला रुमाल लावून जाहीर केलं. "वरती तुम्ही नाचा. मला उरलेल्या दातांनी मासे खायचेत."

फर्डीचा बाजारात मासळीचा गाळा होता. आवाज गाळ्यावरचाच, चार गल्ल्या ऐकू जाईल असा.

पुढच्या वर्षी, १९७८च्या वसंतात, मॅन्सेल आमच्या तळमजल्यावर आला. मी तेव्हा टँटी युनाच्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होते. टँटी म्हणजे आमच्याकडे मावशी. युना नोरेगा साऱ्या गल्लीची टँटी होती. ती सेंट व्हिन्सेंट बेटावरची, चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहणारी, आणि कार्निव्हल म्हणजे सैतानाची वार्षिक सुट्टी असं तिचं स्पष्ट मत होतं.

"हॉलिस, तू आमची लॉरी चालव," मॅन्सेल खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला.

"नाही," अंकल म्हणाले. एवढ्या झटपट दिलेलं त्यांचं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

"का? दोनच दिवसांचं काम आहे!"

"मी कार्निव्हलला जात नाही."

"हा माणूस चर्चचा आहे, मॅन्सेल," टँटी युना चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "तुझ्या त्या पिसं लावलेल्या, अर्ध्या उघड्या पोरींच्या मागे गाडी हाकायला मी याच्याशी लग्न नाही केलं."

"टँटी, पोरींकडे मी बघतो ना. याने फक्त रस्त्याकडे बघायचं."

टँटीने दातांतून हवा ओढत 'च्च्च' असा लांबलचक आवाज काढला. आमच्याकडे या आवाजापुढे वाद संपतो. पण मॅन्सेल सुतार होता, लाकूड चिवट असलं की त्याला जोर यायचा. त्याने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ठीक आहे. मग यंदा पुन्हा तसलाच कुणी गाडी चालवेल. आणि ही मर्ल, ही वर उभी असेल. हिचे दात बघून घे, हॉलिस. छान आहेत अजून."

अंकल बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड मिटून घेतलं. मग त्यांनी कप बशीत ठेवला.

"तीन अटी. केबिनमध्ये दारूचा थेंब नको. लॉरीभोवती दोर धरून चालणारी बारा माणसं लागतील, ती मी निवडणार. आणि मी गाडी थांबवली तर का थांबवली, हे मी सांगेपर्यंत कुणी विचारायचं नाही."

"एवढंच?" मॅन्सेल हसला. "तिसरी अट तर माझ्या बायकोचीसुद्धा आहे."

त्या उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी भाजीच्या घाऊक बाजाराच्या रिकाम्या पटांगणात सराव चालायचा. अंकलनी निवडलेले बाराही जण आपापल्या कामात चोख होते: एक टपालवाला, दोन नर्स, एक शाळेचा स्वयंपाकी, आणि सगळ्यांना नवल वाटलं तो फर्डी. सहा डावीकडे, सहा उजवीकडे. लॉरीच्या चारी बाजूंनी जाड दोर, तो कमरेच्या उंचीवर ताणून धरायचा आणि गर्दीला चाकांपासून दूर ठेवायचं. बाराही जणांच्या डोक्यावर पांढरी टोपी हवी, असा अंकलचा हुकूम होता. आरशात रंगांचा समुद्र दिसतो, त्यात आपली माणसं ओळखू आली पाहिजेत. टोप्या टँटी युनाने जुन्या चादरींतून शिवल्या. मी तिला विचारलं, "टँटी, हे कार्निव्हलचं काम नाही का?"

"मी टोप्या शिवतेय," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "त्या घालून कुणी कुठे जायचं ते त्यांचं आणि देवाचं."

फर्डीने टोपी घातली आणि पटांगणभर ओरडत फिरला, "पाव घ्या, ताजे पाव! अरे कासवा, मला माशांवरून बेकरीत टाकलंस की रे!"

"टोपी सरळ घाल," अंकल म्हणाले.

ताशी दोन मैलांनी अवजड गाडी चालवणं म्हणजे काय, हे चालवल्याशिवाय कळत नाही. इंजिनाला ती गती मान्यच नसते. ते सारखं पुढे झेपावायला बघतं किंवा गचके देऊन बंद पडतं. डावा पाय क्लचवर अर्धा दाबून तासन्‌तास धरावा लागतो. कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंकलची पोटरी लाकडासारखी व्हायची आणि टँटी युना तोंडाने बडबड करत त्यांच्या पायाला बे-रम, आमचं मालिशचं सुवासिक पाणी, चोळत बसायची. पण वर आम्हाला काही जाणवायचं नाही. लॅडब्रोक ग्रोव्हच्या चढावरसुद्धा गाडी उभी राहायची आणि पुन्हा निघायची, माझी काठी पॅनवरच्या सुरावरून केसभरही ढळायची नाही. मी आयुष्यात पुष्कळ चांगले वादक पाहिले. त्यांच्याबद्दल मला जेवढा आदर वाटतो तेवढाच त्या डाव्या पायाबद्दल वाटतो.

कार्निव्हलला ते बसचा गणवेश घालायचे नाहीत, पण कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टाय असायचाच. शेजारच्या सीटवर टँटीने बांधून दिलेला डबा: बेक म्हणजे आमची तळलेली भाकरी, खारा मासा आणि बाटलीत मॉबी, आमचं झाडाच्या सालीचं कडू सरबत. गाडी थांबली की घोटभर. चालू गाडीत नाही.

अशी अकरा वर्षं गेली. त्या अकरा वर्षांत आमच्या लॉरीखाली साधी बाटलीही चिरडली नाही. त्याबद्दल कुणी त्यांचं कौतुक केल्याचं मात्र मला आठवत नाही, माझ्यासकट. जे घडत नाही ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

१९८९ साली आमचा विषय होता समुद्र. बँडच्या स्पर्धेत सलग तीन वर्षं आम्ही दुसरे आलो होतो आणि मॅन्सेलच्या डोक्यात यंदा पहिल्या नंबराशिवाय काही नव्हतं. सोंगांमध्ये मासे होते, शिंपले होते, जलपऱ्या होत्या, एक भलामोठा ऑक्टोपसही होता. लॉरीला चारी बाजूंनी निळं चमचमतं कापड लावलं होतं, थेट रस्त्याला टेकणारं.

अंकलनी कापड पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "फूटभर वर घ्या. चाकं दिसली पाहिजेत."

"समुद्राला चाकं असतात का, हॉलिस?" मॅन्सेल म्हणाला. "परीक्षकांना लॉरी दिसता कामा नये. लाट दिसली पाहिजे."

"मला चाकं दिसली पाहिजेत."

"या वर्षी नाही. एकदाच ऐक माझं. एकदाच!"

अंकलनी कापडाची कड उचलून चाकं एकदा पाहिली. मग त्यांनी दोरवाल्या बाराही जणांना बोलावलं आणि सांगितलं की आज कुणीही, कुठल्याही कारणासाठी, न सांगता जागा सोडायची नाही. लघवीला जायचं तरी पुढे येऊन केबिनवर थाप मारायची, बदली माणूस आला की मगच दोर सोडायचा.

"आणि शिंक आली तर?" फर्डीने विचारलं. "अर्ज करू का?"

सोमवार होता आणि लंडनला सहसा न मिळणारं ऊन पडलं होतं. डांबर बुटाला चिकटत होतं. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही परीक्षकांच्या मांडवापासून शंभर पावलांवर आलो. पुढच्या बँडची वेळ संपली होती, आमची सुरू व्हायची होती. प्रत्येक बँडला ठरलेली मिनिटं. त्यात मांडवासमोरून गेला नाहीत तर बाद. मॅन्सेलने वरून हात उंचावला, आम्ही आमचं स्पर्धेचं गाणं उचललं, मासे आणि शिंपले नाचायला लागले, आणि लॉरी थांबली.

इंजिनही थांबलं. पायाखालची थरथर गेली तेव्हा मला ते कळलं.

मॅन्सेल उडी मारून खाली गेला आणि केबिनच्या दारावर मुठी आपटू लागला. "हॉलिस! काय झालं? चल, चल!" अंकल दार उघडून उतरले. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि डाव्या बाजूने मागे चालू लागले, त्यांच्या नेहमीच्या चालीने. संयोजकांचा एक माणूस घड्याळ हातात धरून धावत आला. "दोन मिनिटांत हला, नाहीतर तुमचं नाव कापतो!" मागच्या बँडचे भोंगे कोकलत होते. फुटपाथवरचे लोक शिट्ट्या मारत होते. त्यांना वाटलं गाडी बिघडली.

"तो म्हातारा झालाय!" माझ्या शेजारचा वादक ओरडला. "ऊन लागलंय त्याला!"

तेवढ्यात मॅन्सेल स्वतः केबिनमध्ये चढलेला मी पाहिला. गाडी त्याला चालवता येत होती. स्टिअरिंगखाली त्याने हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि शिवी हासडून खाली उतरला. तो धावत मागे गेला आणि त्याने अंकलची कॉलर धरली. "किल्ली दे! तीन वर्षं, हॉलिस! तीन वर्षं! किल्ली दे मला!"

अंकलनी त्याचा हात बाजूला केला. ढकलला नाही, चहाच्या कपावरची माशी हाकलावी तसा नुसता बाजूला केला. मग ते गुडघ्यांवर बसले, आपल्या पांढऱ्या शर्टानिशी त्या तापलेल्या डांबरावर पालथे झाले आणि निळं कापड उचलून आत शिरले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

मग कापडाखालून त्यांचा एक हात बाहेर आला, तळवा वर करून. थांबा.

मी वाजवायचं थांबवलं. का ते मला माहीत नव्हतं. शेजारचा थांबला, मग त्याच्या शेजारचा, आणि चाळीस पॅन गप्प झाले.

आत फर्डी होता. मागच्या चाकाच्या पुढे आडवा, डोळे पांढरे, अंगाला दरदरून घाम. त्याला मधुमेह होता हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी त्याने इंजेक्शन घेतलं होतं आणि गडबडीत खायचं राहून गेलं होतं. गर्दीच्या रेट्यात तो दोर सोडून खाली घसरला, कापडाखाली सरकला, आणि त्याच्या पुढच्या-मागच्या दोघांना वाटलं की फर्डी काहीतरी प्यायला गेला असेल. चाक आणि त्याची मांडी यांच्यामध्ये एक वीत अंतर होतं. मी स्वतः पाहिलं. जास्त नव्हतं, एक वीतच.

त्याला ओढून बाहेर काढलं. सोंगांतला तो ऑक्टोपस गर्दी बाजूला सारत धावत आला. आत इस्पितळातली एक नर्स होती. तिचे सहा नकली हात इकडेतिकडे फडफडत होते आणि दोन खऱ्या हातांनी ती फर्डीचा जबडा धरून त्याच्या हिरड्यांना बर्फाच्या गोळ्यावरचं लाल सरबत चोळत होती. दहा मिनिटांनी फर्डीने डोळे उघडले. वर आठ हातांचं निळं जनावर, मागे मासे, भोवती निळी लाट.

"बुडालो की काय मी?" तो म्हणाला.

लोक हसले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. अंकल हॉलिस उठून उभे राहिले. शर्टाच्या पुढच्या बाजूला डांबर आणि तेलाचे पट्टे उमटले होते. त्यांनी मॅन्सेलकडे पाहिलं आणि आपल्या अटीप्रमाणे कारण सांगितलं.

"टोप्या अकरा दिसत होत्या."

आमचं नाव कापलं गेलं. फर्डीला रुग्णवाहिकेने नेलं आणि आम्ही मांडवासमोरून गेलो ते स्पर्धेबाहेर, मोजले न जाता. मॅन्सेल वर आला नाही. तो फुटपाथच्या कडेवर डोकं धरून बसला होता. मी त्याला हाक मारली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "किल्ली आत असती तर, मर्ल..."

त्यानंतर तो सात आठवडे अंकलना भेटला नाही. पॅनच्या सरावाच्या जागेवर अंकल येणार असले की हा लाकूड आणायला निघून जायचा. फर्डी मात्र इस्पितळातून सुटल्या दिवशी आमच्या दारात उभा राहिला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला भलामोठा तांबडा मासा. "टँटी, हा कासवासाठी. त्याला सांग, मला बघून नव्हता थांबला तो. झोप लागली होती त्याला, मी आयताच सापडलो."

"बस, जेवून जा," टँटी म्हणाली. "आणि आधी सांग, सकाळी खाल्लंस का?" पुढची सगळी वर्षं ती त्याला भेटल्यावर आधी हेच विचारायची.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मॅन्सेल आला. मी तळमजल्यावरच होते, टँटीचा पडदा शिवायला मदत करत होते. तो दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"हॉलिस, मी केबिनमध्ये चढलो होतो."

"माहीत आहे."

"किल्ली असती तर मी गाडी पुढे घेतली असती."

"माहीत आहे. बस."

तो बसला. अंकलनी त्याच्यासाठी मॉबी ओतली. आणि मग जे त्यांनी सांगितलं ते टँटी युनानेही एकोणतीस वर्षांच्या संसारात ऐकलेलं नव्हतं.

१९५७ साली ते तेवीस वर्षांचे होते. कार्निव्हलचा सोमवार होता. पॉइंट फोर्टिनहून राजधानीला जायचं, सोंगं काढायची, म्हणून पहाटेपासून घाई. लॉरीवरचा त्यांचा जोडीदार सिप्रियन लॉरीखाली शिरून काहीतरी आवळत होता. सगळे मागे चढले, गाणी सुरू झाली, कुणीतरी ओरडलं 'चल', आणि अंकलनी किल्ली फिरवली. किल्ली लावलेलीच होती. सिप्रियन वर चढला की नाही हे त्यांनी पाहिलं नाही.

"त्याचा पाय गेला. गुडघ्यापासून," अंकल म्हणाले. "जीव वाचला. पुढे त्याने लग्न केलं, दुकान टाकलं. दर नाताळला मला कार्ड पाठवतो, त्यात एक विनोद लिहिलेला असतो. मला तो एका शब्दाने कधी बोलला नाही. बोलला असता तर मी तिथे राहू शकलो असतो."

टँटी युनाच्या हातातला पडदा मांडीवर पडला होता. ती उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मॅन्सेल म्हणाला, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला लॉरी दिली असतीस?"

मॅन्सेलने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "नाही," तो म्हणाला.

"मग."

त्या दिवसानंतर अंकल हॉलिसबद्दलची माझी समजूतच बदलली. तोवर मला वाटायचं की सावकाशपणा हा त्यांचा जन्मजात स्वभाव आहे, जसे कुणाचे कान मोठे असतात. पण तेवीस वर्षांचा हॉलिस घाईचा होता, गाणारा होता, इतरांसारखाच. हा संथपणा त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवला होता, आमचं पिंप सुरात आणायला घडवतात तसा, आणि तो रोज, प्रत्येक चाकापाशी वाकून, सांभाळला होता. एखादी चूक आयुष्यभर उराशी धरून माणसं कडू होतात, पिऊ लागतात, घरच्यांवर ओरडतात. यांनी तिचं असं काहीतरी केलं की चोवीस वर्षं शेकडो माणसं त्यांच्या चाकांभोवती निर्धास्त नाचली.

हो, चोवीस. त्यांनी आणखी बारा वर्षं गाडी चालवली. १९९३ साली आम्ही पहिले आलो. निकाल जाहीर झाला तेव्हा ते लॉरी उभी करायला जागा शोधत होते, त्यांना बातमी फर्डीने सांगितली, आणि ते म्हणाले, "बरं. मागे बघ, भिंतीला लागत नाही ना?"

२००१ साली त्यांनी स्वतःहून थांबायचं ठरवलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे. पण अंकलचं म्हणणं असं की उत्तम म्हणजे किती ते डॉक्टरला माहीत, आरशाला नाही. त्यांनी आपल्या जागेवर डॉमिनिका बेटावरची केझिया नावाची तिशीतली बस ड्रायव्हर आणली. तिला त्यांनी आधी गाडीला हातच लावू दिला नाही. कार्निव्हलचा सगळा मार्ग तिच्याबरोबर तीन वेळा पायी चालले. केझिया मला म्हणाली, "ताई, हे मला गाडी शिकवतायत की तीर्थयात्रा घडवतायत?" पण चौथ्या रविवारी तिने चढावर लॉरी उचलली आणि वर ठेवलेल्या बादलीतलं पाणी हललं नाही. अंकल म्हणाले, "ठीक." केझिया घरी जाऊन आनंदाने रडली, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही अंकलना लॉरीवर चढवलं. मला वाटलं खुर्चीवर बसून बघतील. पण मॅन्सेलने त्यांच्या हातात लोखंड दिलं. गाडीच्या जुन्या ब्रेकचं गोल चाक, त्यावर सळीने ठोका द्यायचा. साऱ्या बँडचा ठेका त्या ठोक्यावर चालतो. तसे ठोका देणारे आमच्याकडे आणखी तिघे होते, म्हणून निभावलं. कारण अंकल हॉलिसना ताल नव्हता. अजिबात नव्हता. ठोका कधी आधी, कधी नंतर, कधी दोन एकदम. टाय लावलेला, चेहरा गंभीर, घाम गळतोय, आणि लोखंड आपलं ठाण, ठाण, कुठेही.

"कासवा!" खालून दोर धरलेला फर्डी ओरडला. "लोखंडाने तुझं काय बिघडवलंय?"

"मला वाटतं जमतंय," अंकल माझ्याकडे वळून म्हणाले.

"छान जमतंय," मी म्हणाले.

चढाच्या कोपऱ्यावर गर्दीत मला टँटी युना दिसली. डोक्यावर चर्चला जायची हॅट, हातात पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आमच्या गल्लीत बत्तीस वर्षं कार्निव्हलच्या दिवसांत तिच्या घराचे पडदे बंद असायचे. लॉरी तिच्यासमोर आली. तिने वर पाहिलं, कान देऊन ऐकलं, मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला मोठ्याने विचारलं, "तो मध्येच ठाण ठाण कोण करतोय?"

"तो टायवाला म्हातारा," ती बाई म्हणाली.

"नवरा माझा," टँटी म्हणाली. "चर्चमध्येसुद्धा मी याला नुसते ओठ हलवायला सांगते."

आणि ती हसायला लागली. हॅट सरकेपर्यंत, पर्स काखेत मारून, डोळे पुसत. केझियाने आरशात तिला पाहिलं असावं, कारण लॉरी त्या कोपऱ्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळली. अंकल हॉलिस मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून, लोखंडावर ठोके घालत राहिले.

अशा चार कार्निव्हलांत त्यांनी लोखंड वाजवलं. चारही वर्षं तितकंच वाईट. एकदाही कुणी त्यांना थांबा म्हटलं नाही.